चेहऱ्यावरचा भाव, हातातला भाव

मराठी दिवाळी अंकाची परंपरा १९०९ सालापासून, काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’च्या अंकापासून मोजली जाते. जुन्या अंकांची मुखपृष्ठे ओळीने मांडून पाहण्याची मला सवय आहे. त्यांत सगळ्यांत जास्त वेळा भेटते ती स्त्री. ती कधी दिवा घेतलेली असते, कधी फुले ओवणारी, तर कधी नुसतीच कोणाची तरी वाट पाहणारी. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केले. त्यांच्या आणि रघुवीर मुळगावकरांच्या कुंचल्याने या स्त्रीला घराघरांत नेले. चित्राच्या कोपऱ्यातल्या सहीत मात्र स्त्रीचे नाव मला फार क्वचित दिसले. लाज, माया, विरह, प्रसन्नता हे सारे भाव तिच्या चेहऱ्यावर होते, पण ते रेखाटणारा हात दुसऱ्याचा होता.

या लेखाचा विषय हा हात आहे. नव्याने चित्र काढू लागलेली स्त्री आपली भावना चित्रात आणते म्हणजे नेमके काय करते? भाव चित्रात कुठे राहतो? आणि तो ओळखायला आपण, म्हणजे पाहणारे, कितपत तयार असतो?

मी कलाशाळेत शिकलेली नाही. वाणिज्य शाखेची पदवी, हिशेबाची नोकरी आणि उरलेल्या वेळात ग्रंथालये व कलादालने, एवढेच माझे शिक्षण. त्यामुळे इथे शास्त्रार्थ नाही. पंचवीसेक वर्षे चित्रे पाहताना आणि त्यांच्याविषयी वाचताना जे उमजले, ते क्रमाने मांडते आहे.

दिवा धरणारी आणि कुंचला धरणारी

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे समईच्या उजेडातल्या तरुणीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. हातातली समई, ज्योतीआड धरलेला तळवा आणि बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर प्रकाश. अनेक जण हे चित्र राजा रविवर्म्याचे समजतात. ते १९४५-४६च्या सुमारास रंगवले गेले आणि त्यासाठी हळदणकरांची मुलगी गीता समई धरून उभी राहिली होती. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या आणि २०१८ साली, वयाच्या १०२व्या वर्षी, कोल्हापुरात वारल्या. वार्धक्यातही त्यांची ओळख ‘समईवाल्या चित्रातली ती’ हीच राहिली.

त्याच काळातली दुसरी चित्रकारकन्या म्हणजे अंबिका धुरंधर. जन्म १९१२चा. वडील महादेव विश्वनाथ धुरंधर हे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतले नामवंत चित्रकार. ही शाळा १८५७ साली सुरू झाली, पण तिथून पदविका घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या काही स्त्रियांत अंबिकाबाईंचे नाव येते ते १९३१ साली. म्हणजे मध्ये तीन पिढ्या गेल्या. याच सुमारास मूळच्या गोव्याच्या अँजेला त्रिंदाद (१९०९-१९८०) चित्रकार म्हणून पुढे आल्या. त्यांचे वडील अंतोनियो झेवियर त्रिंदाद हेही याच कलाशाळेत शिकवत.

दोघींमध्ये एक साम्य आहे आणि ते योगायोगाचे नाही. दोघींच्या घरातच चित्रशाळा होती. कागद, रंग, बसायला जागा आणि ‘ही काय करते आहे’ हे समजणारा वडीलधारा माणूस, या चार गोष्टी त्यांना उंबरठ्याच्या आत मिळाल्या. ज्यांच्या घरात त्या नव्हत्या, त्या मुली चित्रकार झाल्या असत्या की नाही, हे सांगायला आज काहीच मागे उरलेले नाही.

‘हौस’ नावाचा शब्द

आपल्या भाषेत बाईच्या चित्रकलेसाठी एक गोड आणि घातक शब्द आहे, ‘हौस’. मुलगा चित्र काढतो तेव्हा तो ‘चित्रकलेत आहे’, मुलगी काढते तेव्हा ‘तिला हौस आहे’. हौस पुरवली जाते. तिला पगार नसतो, वेळ राखून ठेवलेला नसतो आणि लग्न ठरले की ती गुंडाळून ठेवता येते. आमच्या कसबा पेठेत शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देणाऱ्या मुली मी वर्षानुवर्षे पाहते आहे. चित्रकलेची वही आणि रंगपेटी घेऊन त्या उत्साहाने जातात, चांगली श्रेणी आणतात आणि बहुतेकींची चित्रकला तिथेच थांबते. थोड्या जणी पुढे जातात, त्यांना ‘ए.टी.डी. कर, शाळेत नोकरी तरी लागेल’ असा सल्ला मिळतो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण त्यात एक गृहीत दडलेले असते, ते असे की चित्र शिकवणे हे काम आहे आणि चित्र काढणे ही हौस.

गंमत अशी, की याच पेठेत बाईचा हात पिढ्यान्‌पिढ्या चित्र काढत आला आहे. चैत्रात अंगणात चैत्रांगण काढले जाते. पाळण्यातली गौर, चंद्र-सूर्य, शंख, कासव, नाग, तुळशीवृंदावन अशी बाईला हवी असलेली सारी सृष्टी हातभर जागेत येते. चातुर्मासात गोपद्मे आणि दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी असते. कुंभारवाड्यात चाक फिरवणे हे पुरुषाचे काम मानले गेले. माती मळायची, पणती रंगवायची, वाळवायची, हे बायकांकडे. या कामाखाली सही नसते आणि रांगोळी तर दुसऱ्या दिवशी पुसलीच जाते.

या परंपरेतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. चैत्रांगणात एकही चेहरा रडत नाही, हसत नाही. भाव तिथे खुणांतून येतो. काय काढले, कशाच्या शेजारी काढले, कोणती खूण मध्यभागी ठेवली, यांतून तो सांगितला जातो. भाव म्हणजे चेहऱ्यावरचे हावभाव, ही आपली समजूत मुखपृष्ठांनी, कॅलेंडरांनी आणि रविवर्मा छापखान्याच्या तसबिरींनी पक्की केली. बायकांच्या स्वतःच्या चित्रभाषेला चेहऱ्याची गरज वाटली नव्हती.

जुने शास्त्रही याला धरूनच आहे. कामसूत्रावरील यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यात भाव हे स्वतंत्र अंग आहे आणि सादृश्य, म्हणजे हुबेहूबपणा, वेगळे. चेहरा जमला म्हणजे भाव जमला असे होत नाही, हे या यादीतच मान्य केलेले दिसते.

एकाच माणसाने दिलेला कागद

भिंतीवरचे, अंगणातले चित्र कागदावर आले की काय होते, याचे एक बोलके उदाहरण भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराच्या कामात सापडते. १९६०च्या दशकात बिहारच्या मिथिला भागात दुष्काळ पडला. पुपुल जयकर तेव्हा हस्तकला मंडळाचे काम पाहत होत्या. त्यांनी कुलकर्णींना तिकडे पाठवले. घराच्या भिंतींवर चित्रे काढणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिला. त्यातून सीतादेवी, गंगादेवी ही नावे देशभर गेली. १९७०च्या दशकात हेच कुलकर्णी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर पोहोचले. तिथेही लग्नाचा चौक, पालघट देवी हे सारे सवाशिणींनी रंगवायचे काम. पण कागदावर आल्यावर पुढे नाव झाले ते जिव्या सोमा मशे यांचे. त्यांची प्रतिभा वादातीत होती आणि २०११ साली मिळालेली पद्मश्री सर्वथा योग्य होती. तरीही प्रश्न उरतो. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे कुठे गेली?

कागद तोच होता आणि तो देणारा माणूसही तोच. एका ठिकाणी बायकांची नावे पुढे आली, दुसऱ्या ठिकाणी मागे राहिली. यावरून मी एवढेच म्हणते, की बाईच्या हातात कला असणे आणि त्या कलेखाली बाईचे नाव असणे या दोन वेगळ्या घटना आहेत. दुसरी आपोआप घडत नाही.

नाव मिळाल्यावर काय होऊ शकते, ते गंगादेवींनी (१९२८-१९९१) दाखवले. १९८०च्या दशकात त्यांना कर्करोग झाला आणि दिल्लीत उपचार सुरू झाले. त्या अनुभवावर त्यांनी चित्रमालिका काढली. रुग्णालयातल्या खाटा, डॉक्टर, यंत्रे हे सारे त्यांनी लग्नघरातल्या कोहबराच्या रेषांनीच रंगवले. चेहरे तेच मिथिलेचे, बाजूने दिसणारे, मोठ्या डोळ्यांचे. कोणी आक्रोश करत नाही. पण शुभकार्यासाठी शिकलेली रेषा रुग्णालयाची खाट काढते, तेव्हा पाहणाऱ्याच्या पोटात तुटते. इथे भाव विषय आणि शैली यांच्यामधल्या फटीत आहे.

भाव चित्रात कुठे राहतो?

आता मूळ प्रश्नाकडे येते. स्त्री चित्रकारांनी भाव व्यक्त करायला चेहऱ्यापलीकडे जे मार्ग शोधले, त्यांतले चार मला ठळक दिसतात.

पहिला मार्ग रंग आणि रिकाम्या जागेचा. अमृता शेरगिल यांच्या १९३५च्या ‘तीन मुली’ या चित्राला १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्या वेळी त्या चोवीस वर्षांच्या होत्या, म्हणजे आजच्या भाषेत उदयोन्मुखच. चित्रात तीन तरुणी बसल्या आहेत. नजरा खाली. कोणी कोणाकडे पाहत नाही. मागे घर नाही, दागिन्यांची रेलचेल नाही, सपाट रंगांचे मोठे तुकडे आहेत. तिघी अगदी जवळ असून एकट्या आहेत. हे एकटेपण कोणाच्याही डोळ्यांतल्या पाण्याने सांगितलेले नाही. ते न जुळणाऱ्या नजरांनी आणि मागच्या मोकळ्या रंगाने सांगितले आहे.

बी. प्रभा (१९३३-२००१) याच वाटेने पुढे गेल्या. नागपूरजवळच्या बेला गावात जन्म, आधी नागपुरात आणि मग मुंबईच्या जे. जे.मध्ये शिक्षण. सुरुवातीच्या काळातच होमी भाभांनी त्यांची चित्रे विकत घेतली. चित्रांत कोळणी, कष्टकरी बायका, कडेवर मूल आणि डोक्यावर टोपली. माना आणि हात मोजमापाच्या बाहेर लांब केलेले. एखाद्याला वाटेल, शरीरशास्त्र चुकले. पण ती लांबी म्हणजे ओझ्याचे माप आहे. सहा अंगांतले ‘प्रमाण’ जाणूनबुजून मोडून ‘भाव’ साधलेला आहे.

दुसरा मार्ग मालिकेचा आणि लहान आकाराचा. नीलिमा शेख यांनी १९८४-८५मध्ये ‘चंपा मोठी झाली तेव्हा’ अशा अर्थाच्या शीर्षकाची बारा लहान चित्रांची मालिका केली. त्यांच्या माहितीतली एक मुलगी लग्नानंतर हुंड्यापायी मारली गेली. मालिकेत आधी तिचे खेळणे, बागडणे आहे, मग लग्न, स्वयंपाकघर आणि शेवट. लघुचित्रांच्या नाजूक शैलीत हे सारे उलगडते. भडक, भिंतभर चित्र असते तर आपण दुरून पाहून हळहळलो असतो. हातभर कागद असल्यामुळे आपल्याला वाकून, जवळ जाऊन पाहावे लागते आणि जवळ गेल्यावर सुटका नसते. आकार लहान ठेवणे हीच भाव व्यक्त करण्याची युक्ती आहे.

या दृष्टीने १९८७ ते १९८९ या काळात देशात फिरलेले एक प्रदर्शन मोलाचे आहे. नलिनी मलानी, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि अर्पिता सिंग या चौघींनी मिळून ते केले. जे. जे.मध्ये शिकलेल्या मलानी १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये स्त्री चित्रकारांनी स्वतः चालवलेले एक कलादालन पाहून आल्या होत्या. आपल्याकडे असे काही हवे, या ध्यासातून पुढची खटपट झाली. तैलरंगातले भव्य चित्र म्हणजेच खरे चित्र, या समजुतीला बाजूला सारून त्यांनी जलरंग आणि कागद यांना मान दिला.

तिसरा मार्ग वस्तूचा. रुमाना हुसेन (१९५२-१९९९) मुंबईत राहत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींनंतर त्यांनी कॅनव्हासवरची चित्रकला बाजूला ठेवली. फुटलेली मातीची भांडी, गेरू, नीळ हे त्यांचे साहित्य झाले. १९९५ साली मुंबईच्या एनसीपीएमध्ये केलेल्या सादरीकरणात त्या चिरलेली पपई हातात घेऊन, तोंड उघडे ठेवून, आवाज न करता चालल्या. घुमट, घट आणि बाईचे शरीर या तिन्हींचे फुटणे एकाच खुणेत आले. कुंभारवाड्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला फुटलेल्या घटाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पुण्यात १९९०मध्ये जन्मलेल्या राज्यश्री गुडी याच मार्गावरच्या आजच्या पिढीतल्या कलावंत. ‘मनुस्मृती’च्या प्रती फाडून, भिजवून त्यांचा लगदा त्या करतात आणि त्यातून नव्या वस्तू घडवतात. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झालेले मनुस्मृतिदहन मराठी वाचकाला माहीत आहेच. आगीच्या जागी इथे पाणी आणि बोटे आहेत. हा रागच आहे, पण सावकाश आणि रोज थोडा थोडा मळलेला. दलित आत्मकथनांत विखुरलेले अन्नाचे आणि भुकेचे उल्लेख वेचून त्यांनी पाककृतीही लिहिल्या. पाककृती हा बायकांचा आणि निरुपद्रवी समजला गेलेला लेखनप्रकार. त्यातून भूक वाचताना तिची धार आणखी जाणवते.

चौथा मार्ग स्वतःच्या शरीराचा. शकुंतला कुलकर्णी यांनी २०१० ते २०१२ या काळात वेताची चिलखते विणून घेतली आणि ती अंगावर चढवून मुंबईच्या सार्वजनिक जागांत स्वतःची छायाचित्रे काढवली. चिलखत रक्षण करते आणि कोंडतेही. वेत मऊ असतो, वाकतो, पण एकदा विणला की पिंजरा होतो. भीती आणि हिंमत हे दोन भाव वेगवेगळे दाखवण्याऐवजी त्यांनी दोन्ही एकाच वस्तूत गुंफले.

पाहणाऱ्याची जबाबदारी

तांबट आळीतल्या मठारकामाची आठवण इथे होते. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे हजारो ठोके पडतात. त्यांनी पत्रा कणखर होतो आणि पृष्ठभागावर चकाकणाऱ्या खुणा राहतात. भांडे पाहून कारागिराचा चेहरा दिसत नाही, पण हात किती वेळा आणि किती नेमका पडला, ते दिसते. चित्रातला भाव मला तसा वाटतो. तो सांगितलेला नसतो, खूण होऊन उरलेला असतो.

मात्र खूण वाचणारा हवा. शनिवार पेठेतले सुदर्शन कलादालन असो, जंगली महाराज रस्त्यावरचे बालगंधर्व कलादालन असो किंवा एखाद्या कला महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन, तरुण चित्रकर्तींच्या चित्रांपुढे मी काही शेरे पुन्हा पुन्हा ऐकले आहेत. ‘किती नाजूक!’, ‘बाईपणाची हळवी जाणीव’, ‘रंग छान आहेत, पण विषय जरा उदास.’ एका प्रदर्शनात एका मुलीने आजारी आईच्या खोलीची चित्रे लावली होती. औषधांच्या पट्ट्या, वाळत घातलेली चादर आणि पलंगाखालची बादली. एकाही चित्रात माणूस नव्हते. जवळचे नातेवाईक कौतुकाने आले होते. त्यांपैकी एक बाई मायेने म्हणाल्या, “हात फार छान आहे गं तुझा. पण असं घरात कोण लावणार? एखादं फुलांचं काढ ना.” मुलगी हसली आणि “काढीन हं, मावशी,” म्हणाली.

त्या ‘काढीन हं’मध्ये खरा धोका आहे. बंदी घालून थांबवलेल्या चित्रकर्ती आज कमी असतील. मायेने फुलांकडे वळवलेल्या किती, याची मोजदाद कोणीच करत नाही. नव्याने उभ्या राहणाऱ्या कलावंताला पहिली दहा वर्षे तीन गोष्टी लागतात: स्वतःचा वेळ, स्वतःची जागा आणि तिचे चित्र तिच्याच अटींवर पाहणारी दहा-वीस माणसे. पहिल्या दोन घराच्या हातात आहेत. तिसरी आपल्या.

म्हणून माझी विनंती साधी आहे. पुढच्या वेळी एखाद्या अनोळखी तरुण चित्रकर्तीच्या चित्रापुढे उभे राहाल, तेव्हा चेहऱ्यावरचे भाव शोधण्याआधी चार प्रश्न विचारून पाहा. तिने कुठली जागा रिकामी सोडली आहे? हा आकार तिने का निवडला? तिने काय वापरले आहे आणि ती वस्तू आपल्या घरात कुठे असते? आणि तिने कोणता नियम जाणूनबुजून मोडला आहे? उत्तरे लगेच मिळणार नाहीत. पण या प्रश्नांनी आपले पाय चित्रापुढे दोन मिनिटे जास्त थांबतात आणि एवढ्यानेही बरेच दिसू लागते.

आणि चित्राखालची सही वाचा. नाव लक्षात ठेवा. शक्य असेल तर एखादे लहान चित्र विकत घ्या आणि पाहुण्यांनी विचारले, “हे कुणाचं?” तर ‘आमच्या ओळखीच्या एका मुलीची हौस’ असे न सांगता तिचे पूर्ण नाव सांगा.